मेंढी बसेल ते घर

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत विकायला काढलेलं असं एकही घर नसेल, ज्याच्या फरशीवर आमच्या हिचे मामा आडवे झालेले नाहीत. हे मी हवेत बोलत नाही. त्यातल्या निम्म्या घरांत मी स्वतः त्यांच्या उशाशी उभा होतो. मामा घरात शिरले की भिंती बघत नाहीत, खिडक्या बघत नाहीत, नळाला पाणी येतं का तेही विचारत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, त्याची वळकटी करायची, ती डोक्याखाली घ्यायची आणि हॉलच्या मधोमध छताकडे डोळे लावून पडून राहायचं. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. कसब्यातल्या एका घराची मालकीण चहा घेऊन आतून बाहेर आली आणि घर बघायला आलेला पाहुणा असा पसरलेला बघून किंचाळलीच. मामा पडल्यापडल्या म्हणाले, "घाबरू नका ताई. मी घर बघतोय."

मामांनी भवानीनगरला कारखान्याच्या वजनकाट्यावर उभी नोकरी काढली. उसाचा ट्रॅक्टर दुरून दिसला तरी ते त्याचं वजन सांगायचे आणि काट्याचा आकडा वेगळा आला तर काट्याकडे संशयाने बघायचे. मोठेपण घ्यायचा स्वभाव नाही, पण माघार घ्यायचाही नाही. ते निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी त्यांना सल्ले दिले, आणि सल्ला दिला की मामा त्याच्या नेमकं उलट करतात हे ठाऊक असूनही दिले. थोरला मुलगा पुण्यात आहे. तो म्हणाला, आमच्याकडे या, एक खोली तुमचीच आहे. मामा म्हणाले, "पाव्हणा म्हणून यीन की. चार दिस जेवीन, नातवाला फिरवीन. पण ऱ्हायला येनार न्हाय. ऱ्हायचं ते आपल्या दारात." विषय संपला.

या हट्टामागे काय होतं ते मला हळूहळू कळलं. मामांचा जन्म कुठे झाला हे मामांनाच माहीत नाही. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. दिवाळी झाली की खाली कोकणात, पाऊस लागायच्या आत पुन्हा वर देशावर. त्या वाटेत कुठल्याशा रानात मामा जन्मले. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी जन्मगाव म्हणून अंदाजाने अंथुर्णे लिहून टाकलं, कारण चुलते तिथे होते. वडील आयुष्यभर लोकांच्या रानात राहिले आणि लोकांच्या रानातच गेले. मामा नोकरीला लागले आणि क्वार्टरमध्ये राहिले, म्हणजे छप्पर आलं, पण दार कारखान्याचंच. मामींनी त्या दोन खोल्यांत संसार केला, पोरं वाढवली, आणि दर पाडव्याला गुढी उभारताना एकच वाक्य म्हटलं, "ही काय आपली चौकट न्हाय."

निवृत्तीनंतर क्वार्टर पाडव्यापर्यंत वापरायची मुभा मिळाली. मामींनी त्याच दिवशी निकाल सांगितला. "औंदाची गुढी माझ्या दारात उभी ऱ्हाईल. न्हायतर मी लेकाकडं पुण्याला जाती. तुमी बसा फरशा मोजत." मामी फारसं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोललेलं मामा फार मनावर घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या दारात हजर होते. जावयाला मान असतो असं म्हणतात. माझ्याकडे व्हॅन होती.

माझं बारामतीत स्टेशनरीचं दुकान आहे आणि माल आणायला ही जुनी व्हॅन. तिच्यात पुढे मी आणि मामा, मागे शेखभाई, असा आमचा दौरा निघायचा. शेखभाईंचं फरशांचं दुकान. घरं दाखवणं हा त्यांचा जोडधंदा. माणूस इतका सोशिक की मामांसारख्या गिऱ्हाइकाला त्यांनी एकदाही "नक्की घ्यायचंय ना?" असं विचारलं नाही. एकदाच, आठवं की नववं घर नापास झाल्यावर ते हळूच म्हणाले, "मामा, पडून काय समजतं तुमाला? आमी आयुष्यभर फरशा विकतोय, आमाला कळंना."

"शेखभाई, उभ्या मानसाला सगळीच घरं चांगली वाटत्यात," मामा म्हणाले. "आडवं झालं की कळतं हितं जीव ऱ्हातोय का न्हाय."

घरं नापास करण्याची मामांची कारणं लिहून ठेवली असती तर माझ्या दुकानातली एक शंभरपानी वही भरली असती. एका घरात छत फार जवळ वाटलं. एका घरात मालकाने "मास्टर बेडरूम" हा शब्द चार वेळा उच्चारला. एके ठिकाणी मोबाइलमध्ये होकायंत्र उघडून वास्तू सांगणारे गृहस्थ आले आणि घराचं तोंड कसं शुभ दिशेला आहे ते समजावू लागले. मामांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "माझ्या बानं उभी हयात दिशा बघत काढली. चांदणीवरनं वाट काढायचा. त्याला कुठं घर मिळालं? दिशेचं मला सांगू नका." गृहस्थांनी होकायंत्र बंद केलं.

पंधरा-वीस घरं झाल्यावर मामांच्या लक्षात आलं की आडवं होऊनही त्यांना काहीच कळत नाहीये. हे त्यांनी कबूल केलं नाही. ते फक्त म्हणाले, "उद्या अंथुर्ण्याला जायचं. मेंढी आनायचीय."

त्याचं असं होतं. मामांचे वडील नव्या रानात पोचले की मुक्कामाची जागा स्वतः ठरवायचे नाहीत. कळपातली म्होरकी मेंढी मोकळी सोडायचे. ती हिंडून, हुंगून जिथे आपणहून बसेल तिथे वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम. "बाचा वाडा कदी पान्यात गेला न्हाय, कदी लांडगा शिरला न्हाय," मामा सांगायचे. आता वडील नव्हते, कळप नव्हता, पण अंथुर्ण्याच्या चुलतभावाकडे अजून दहा-बारा मेंढ्या होत्या. त्यातली एक थोराड, काळ्या तोंडाची मेंढी मामांनी निवडली. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, ती नका न्हेऊ. गाभन हाय, दिस भरत आल्यात." मामांचा आवाज चढला. "मला शिकवतो व्हय? मेंढरातच वाढलोय मी. आजून म्हैना हाय तिला." आणि मेंढी व्हॅनमध्ये चढवली. शेखभाई निमूट सरकून बसले.

इथून पुढे नातेवाइकांत मामांचं जे हसं झालं त्याबद्दल मला आजही राग आहे. वास्तुवाल्याला पैसे देऊन बोलावणारे, घरात आरसा कुठे लावावा हे टीव्हीवर बघून ठरवणारे लोक मामांच्या मेंढीला हसत होते. मी म्हणतो, मेंढी निदान फी तरी घेत नव्हती.

एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायचा होता. वॉचमनने लिफ्टपाशीच अडवलं आणि प्राण्यांना मनाई असल्याचा बोर्ड दाखवला. मामांनी चष्मा लावून बोर्ड नीट बघितला. "ह्याच्यावर कुत्रं काढलंय. मेंढी कुठं हाय?" वॉचमन बोर्डाकडे बघत राहिला तेवढ्यात आम्ही वर. लिफ्टमध्ये तीन बाजूंनी आरसे होते. त्यांत मेंढीला जातभाई दिसले, त्यामुळे ती उतरायलाच तयार होईना. फ्लॅटमध्ये ती पाऊण तास हिंडली, बाल्कनीतून खाली बघितलं, मास्टर बेडरूममध्ये लेंड्या टाकल्या आणि परत लिफ्टच्या दाराशी जाऊन उभी राहिली. टापटीप कपड्यातली एक मुलगी हातात फॉर्म घेऊन आली. "सर, तुमचा अभिप्राय?" मामा म्हणाले, "तिनं दिलाय आत. तेवढ्या लेंड्या मात्र मी भरतो, पोरी," आणि खरोखरच कागद मागून त्यांनी त्या भरल्या.

असे दिवस जात होते. पाडवा आठ दिवसांवर आला. मामींनी क्वार्टरमधली भांडी पोत्यांत बांधली, पण पोती कुठे जाणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मामा उसनं अवसान आणून फिरत होते, पण व्हॅनमध्ये बसले की टॉवेलची वळकटी नुसती करायचे आणि सोडायचे. एकदा सिग्नलला थांबलो असताना स्वतःशीच म्हणाले, "बाला जमलं न्हाय. मला बी जमंल का न्हाय कोन जाने." मामांच्या तोंडून तसलं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

त्या दिवशी जळोचीला एका निवृत्त गुरुजींचं घर बघायचं होतं. बसकं, बैठं, पुढे हातभर अंगण, मागे शेत. मामीही बरोबर आल्या होत्या. "शेवटचं म्हणून येती" असं बजावून. मामा नेहमीप्रमाणे आडवे झाले. मेंढी स्वयंपाकघरात गेली, मोरी हुंगली, परत हॉलमध्ये आली, मामांभोवती दोन फेऱ्या मारल्या, पुढच्या पायाने फरशी खरवडली आणि त्यांच्या बाजूला बसली.

मामा उठून बसले. मी त्यांचं तोंड बघितलं. इतका आनंदलेला म्हातारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "बसली," ते म्हणाले. "शेखभाई, बसली! गुरुजी, घर आमचं झालं!" आणि बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढून त्यांनी तिथल्या तिथे इसार गुरुजींच्या हातावर ठेवला. गुरुजींची पावती लिहून होते न होते तोच मेंढी मान ताणून ओरडली. पुन्हा ओरडली. मामी एकदम पुढे झाल्या. "अवं, ही बसली कसली! ही व्यायला लागलीय!"

पुढचा अर्धा तास घर बघण्याचा राहिला नाही. मामींनी पदर खोचला, गुरुजींच्या बायकोकडून गरम पाणी आणि जुनं धोतर मागून घेतलं, मागचं दार उघडलं, पुढचं लावलं. शेखभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. थोड्या वेळाने फरशीवर एक ओलं, काळ्या तोंडाचं कोकरू लटपटत उभं होतं. आणि मामा कोपऱ्यात बसले होते, टॉवेल गुडघ्यावर, चेहरा उतरलेला.

शेखभाई त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, "मामा, गुरुजी भला मानूस हाय. इसार परत देतील. मी बोलू का?"

मामा कोकराकडे बघत होते. "मेंढरातला मानूस मी," ते म्हणाले. "तिचं दिस भरल्यात ते मला कळलं न्हाय. चुलतभावानं सांगितलं तरी कळलं न्हाय. बानं वाटंवरनं बघून सांगितलं आसतं." त्यांना घराचं वाईट वाटत नव्हतं. वडिलांची शेवटची एक गोष्ट आपल्यापाशी शिल्लक आहे अशी त्यांची समजूत होती, आणि ती गोष्ट काट्यावर उभं राहून राहून कधी हातची गेली हेही त्यांना कळलं नव्हतं.

मामी मोरीत हात धूत होत्या. तिथूनच त्यांनी आवाज दिला, आणि तो आवाज मी विसरणार नाही. "चुकलं तर मेंढीचं चुकलं आसंल. घराचं काय चुकलं? हितं पानी हाय, मागं दार हाय, वारं हाय. मला मगाधरनं एकदा बी कुनाला इचारावं लागलं न्हाय कुठं काय हाय ते. इसार परत घ्यायचा न्हाय. गुढी हितंच हुभी ऱ्हानार."

मामांनी वर बघितलं. मग हळूच टॉवेल खांद्यावर टाकला आणि उभे राहिले. "शेखभाई," ते म्हणाले, आवाजात पुन्हा जुना ताठा, "लोकांस्नी सांगा, मेंढी बसली म्हनून घर घेतलं. कशापायी बसली ते सांगायची गरज न्हाय."

बाकीचे कागद पुढे रीतसर झाले, पण गुरुजींनी किल्ली आधीच देऊन टाकली. माझ्या व्हॅनमधून पोती जळोचीला आली. पाडव्याला गुढी उभी राहिली, मामींच्या दारात. हसणारे सगळे नातेवाईक जेवायला आले आणि श्रीखंड मागून मागून खाल्लं. कोकरू आईजवळ अंगणात बांधलेलं होतं. पुढे चुलतभावाने दोघांना परत नेलं, पण पिल्लू दूध तुटल्यावर मामांना आणून दिलं. ते आता चांगलं थोराड झालंय आणि सोफ्यावर बसतं. मामा त्याला उठवत नाहीत.

परवा मी गेलो तेव्हा मामा बाहेर रस्त्यावर उभे राहून स्वतःच्याच घराकडे बघत होते. दाराशेजारी नवी पाटी लावली होती. ठळक, काळ्या अक्षरांत फक्त त्यांच्या वडिलांचं नाव. मी म्हटलं, "मामा, तुमचं नाव राहिलं की."

"माझं कशाला? मी घरात हाय की," ते म्हणाले. नजर पाटीवरून हलली नाही. "म्हातारा बाहीर ऱ्हायला हुता."

मग ते आत गेले, हॉलच्या मधोमध टॉवेलची वळकटी करून आडवे झाले, आणि मी चहा होईपर्यंत नेहमीसारखा त्यांच्या उशाशी उभा राहिलो.