मामांचं उधाण

छत्रपती संभाजीनगरात समुद्राला घाबरणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. समुद्र इथून इतका लांब की आमच्या कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी तो टीव्हीवरच पाहिलाय. नळाला पाणी आलं की आम्ही एकमेकांना फोन करून आनंद वाटून घेतो. अशा गावात मामा बारा महिने पुराच्या तयारीत असतात.

मामा मूळचे इथल्याच दुष्काळी गंगापूरकडचे, पण सगळी नोकरी कोकणात, खाडीकाठच्या एका मातीच्या बांधावर झाली. भरतीचं खारं पाणी भातशेतीत आणि गावात शिरू नये म्हणून हा बांध. त्यात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. भरती आली की तिची झडप पाण्याच्या रेट्यानं आपोआप मिटते. ओहोटीला उघडते आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. आता गंगापूरच्या माणसाला हे बघवणार कसं? पहिल्याच पावसाळ्यात मामांनी झडपेला पाचर ठोकून ती कायमची बंद करून टाकली. "एवढं गोडं पानी समुद्रात ओततेत, पाप हाय हे!" दुसऱ्या दिवशी भाताची रोपं पाण्याखाली. बांधालगत शेत असलेल्या सुमनवहिनींनी सगळ्या गावासमोर या साहेबांना फैलावर घेतलं, "साहेब, पाणी साठवा तुमच्या गावाला. आमचं पाणी जाऊ द्या!" मामांनी गुपचूप पाचर काढली आणि त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

निवृत्तीनंतर मामा इथं आले खरे, पण बांध सुटला नाही. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, म्हणून त्या दिवशी दुपारची भरती उतरेपर्यंत ते जेवत नाहीत. शेजारणींना वाटतं, माणूस किती धार्मिक! मुलीच्या लग्नाला गुरुजींनी पौर्णिमेचा मुहूर्त काढला, तर हे म्हणाले, "अष्टमीचा बघा, तवा पानी शांत असतं." गुरुजी चक्रावले. "अहो, कार्यालय जालना रोडला आहे ना?" मामा म्हणाले, "व्हय. पर उधाणाला बांध सोडून कुनी मांडवात बसत नसतं." बरीच ओढाताण होऊन लग्न दशमीला लागलं. फिरायला निघाले की दिसेल त्या भिंतीच्या बुडाशी काठी खुपसून बांध पोखरणाऱ्या खेकड्यांची बिळं शोधतात. इथं खेकडे कुठले, असं म्हटलं तर उत्तर तयार, "मंग घुशी असतेत." शेजारच्या प्राध्यापकांच्या नव्या कोऱ्या भिंतीत अशीच काठी अडकून मोडली. प्राध्यापक अजून आमच्याशी बोलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्याचं घरात कुणाला फारसं दुःख नाही.

प्रत्येक उधाणाला सुमनवहिनींचा फोन ठरलेला. त्या तक्रारी करत सुटायच्या: झडपेत ओंडका अडकलाय, खेकड्यांनी पोखरलंय, कुणी लक्ष देत नाही. मामा इकडून हुकूम सोडायचे आणि मग खूश होऊन भाकरी मोडायचे. वर्षातून एकदा स्वतः जाऊन बांध पायाखाली घालायचे. यंदा गुडघ्यानं दगा दिला, डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि ते वहिनींच्याही कानावर गेलं.

परवाच्या पौर्णिमेला मी मामांकडेच होतो. फोन आला. "सगळं ठीक आहे, साहेब. काही काळजी करू नका," एवढंच बोलून वहिनींनी ठेवला. मामी आनंदानं ताट वाढायला उठल्या. मामा मात्र फोनकडे बघत बसून राहिले.

"ठीक कसं असंल?" ते म्हणाले. "बांध कधी ठीक नसतो, जावईबापू. रोज कुठंतरी गळतोच. खांड पडली बगा. मोठी."

त्यांनी उलटा फोन लावला आणि सरळ विचारलं, "वहिनी, बांध किती तुटला?"

 पलीकडून वहिनी रडायलाच लागल्या. खारं पाणी शेतात शिरलं होतं आणि दर भरतीला शिरत होतं. तिथली रीत अशी की खांड पडली की घरटी एक माणूस मातीची टोपली घेऊन येतो आणि ओहोटी आहे तोवर ती बुजवायची. "घरटी एक माणूस मागू कुणाकडे, साहेब?" वहिनी म्हणाल्या. "घरांना कुलपं आहेत. आम्ही म्हातारी चार घरं उरलोय."

"पाच," मामा म्हणाले. "माझं बी घर धरा."

इतकं बोलून ते भिंतीला धरून उठले. मला वाटलं, मामी आता गुडघ्यावरून चांगल्या बोलतील. पण त्या आत गेल्या आणि प्रवासाची पिशवी घेऊन आल्या.  मी आयुष्यात कधी मातीची टोपली उचललेली नाही, आणि समुद्राची तर मला आता मामांच्याइतकीच भीती वाटते. तरी मामांच्या हातातला फोन घेऊन वहिनींना सांगून टाकलं, सहा घरं धरा.