प्रतिवादीच्या गाडीतून उतरलेले साहेब

दाव्याची जागा पाहायला निघालेल्या न्यायाधीशांना मी प्रतिवादीच्याच गाडीत बसवलं.

खालापूरच्या कोर्टात मी कारकून. साहेबांच्या सेवाशर्ती, भत्ते, प्रवासाचे नियम मला तोंडपाठ. कारण साहेबांच्या सुखाचे चार शिंतोडे आपल्यावरही उडतात. या साहेबांनी मात्र मला कोरडाच ठेवला. भत्ते वाढल्याचं परिपत्रक आलं की आम्ही काय मिळणार ते वाचायचो, साहेब काय घेता येणार नाही ते. अलिबागच्या बैठकीला एसटीने जायचे आणि एसटीचंच भाडं मागायचे.

"साहेब, तुम्हाला टॅक्सीचा हक्क आहे."

"हक्क आहे. सक्ती आहे का?"

दावा कुंभिवलीच्या एका आजीचा होता. शेजारच्या शेठने गोदामाला कुंपण घालून तिच्या शेताची वाट अडवली होती. पावसाआधी ती मोकळी झाली नाही, तर शेत पडीक. पाहणीच्या दिवशी नेमकी सरकारी गाडी बिघडली. शेठचा ड्रायव्हर कोर्टाबाहेर गाडीचा एसी लावून उभाच होता. मी विरघळलो.

"गाडी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"भाड्याची," मी ठोकून दिलं.

हायवेवर ड्रायव्हरला राहवेना. "आमच्या शेठचं गोदाम लांबनं दिसतं बगा, साहेब!"

"थांबवा." साहेब उतरले.

"मी फाइली घेऊन गाडीनं पुढे होतो..."

"उतरा! नियमात रिक्षा बसते, ही गाडी नाही."

रिक्षा काही मिळाली नाही. रणरणत्या उन्हात साहेब पुढे, फाइली डोक्यावर धरून मी मागे.

शेतावर पोचताच शेठच्या देखत साहेबांनी सांगून टाकलं, "आजी, निम्म्या रस्त्यापर्यंत मी शेठच्या गाडीतून आलो. तुमचा विश्वास नसेल, तर दावा दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावा असं मी वर कळवतो. वेळ जाईल."

"कुनी बसवलं तुमाला त्यात?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइलींकडे.

वेळ जाणार म्हणजे एक पावसाळा जाणार. आजीने साहेबांचे धुळीने माखलेले बूट निरखले. "उतरलात ना? मंग बगा आमची वाट."

पावसाआधी निकाल लागून वाट मोकळी झाली. साहेबांची बदली झाली. निरोपाला मी मेव्हण्याची गाडी हौसेने दारात आणली, तर साहेबांनी एवढंच विचारलं, "कुणाची?" आणि मी उत्तर देईपर्यंत ते रिक्षाने कर्जत स्टेशनच्या दिशेला लागलेही.

परवा त्या वाटेजवळून माझ्या स्वतःच्या स्कूटरवरून चाललो होतो. बांधावरून आजी ओरडली, "आज कुनाच्या गाडीवर बसलायस रं?"