मेल्यावर कुणाच्या दारात

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात, बायकांच्या आश्रयघरात, का झुआ नावाची ह्मोंग जमातीची तरुणी सुजलेल्या ओठांनी भात चिवडत होती. “मी नवऱ्याकडे परत जाते, आत्या.”

तिथे काम करणाऱ्या म्हाताऱ्या दुआआत्याचं डोकं फिरलं. “मार कमी पडला का तुला?”

“लग्न झालं की आपल्या ह्मोंग पोरीला माहेरचे पितर ओळखत नाहीत. नवरा सोडला तर सासरचेही दार लावून घेतील. मेल्यावर मी कुणाच्या दारात उभी राहू?”

 दुआआत्यानेही नवरा सोडला होता. घरी ती रोज पितरांसाठी भात काढून ठेवायची, पण तो खायला कुणाचे पितर येणार, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

“तुझ्याआधी मी मरेन,” ती म्हणाली. “बाहेर अंधारात उभीच असेन. तू घाई करू नकोस. म्हातारी होऊन ये.”