यादीत माझं नाव नव्हतं

माझी मोठी जाऊ चोर निघेल असं मला वाटलं नव्हतं. निघावी अशी इच्छा मात्र फार होती, खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघी एकाच कपड्यांच्या कारखान्यात. मी शर्टाला कॉलर लावते, सगळ्यात किचकट काम. ती नुसती बटणं लावायची. तरी कॉलर ताठ तिचीच! युनियनची पुढारी झाली आणि अख्ख्या कारखान्याची ताई होऊन बसली. चहाच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती गोळा, आणि मला विचारणार, "तुम्ही ताईंच्या जाऊ ना?" एकोणीस वर्षं मशीन चालवून माझी ओळख काय, तर ताईंची जाऊ. घरीही तेच. भाजी मी करायची, मीठ मी घालायचं, आणि सासूबाई म्हणणार, "थोरलीला चाखायला दे आधी." नुसता जळफळाट व्हायचा माझा.

युनियनचा मदतनिधी होता. आमच्या पगारातून कापलेला पैसा, कुणी आजारी पडलं तर उपचाराला. जाऊबाईंनी काय करावं? धडधाकट बायकांच्या नावाने आजारपणाचे खोटे अर्ज भरले, सह्या स्वतःच ठोकल्या आणि पैसे घशात घातले. कटिंगवाली खरंच अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला सांगितलं, निधी संपला. तिनेच तक्रार केली आणि बिंग फुटलं.

निकालाच्या दिवशी मी इस्त्रीचे कपडे घालून कोर्टात पुढच्या बाकावर बसले. कुणाकुणाच्या नावावर अर्ज होते ती यादी न्यायाधीशांनी वाचली. एकतीस नावं. माझ्या डावीकडच्या मशीनवालीला दमा, उजवीकडचीला मणक्याचा त्रास, काजवालीला मुतखडा! मी श्वास रोखून ऐकत होते. यादी संपली, माझं नाव नाही. अगं बाई! लुटायलासुद्धा मी आठवले नाही हिला?

दोन वर्षांची शिक्षा झाली. ज्यांच्या नावावर खाल्लं त्याच बायका डोळे पुसत होत्या. नेण्याआधी आम्हाला घटकाभर भेटू दिलं. दीर वकिलाला अपिलाचं विचारत होते. मी मात्र विचारलंच, "जाऊबाई, माझं नाव का नाही घातलंत?"

"तुझं?" ती थकून हसली. "बाकीच्या डोळे मिटून विश्वास ठेवायच्या माझ्यावर. तू एकटी माझ्यावर डोळा ठेवून होतीस. तुझी भीती वाटायची गं मला."

खरं सांगते, क्षणभर अंगावर मूठभर मांस चढलं. मग बसमध्ये विचार करत बसले. एकोणीस वर्षं मी हिच्यावरची नजर हलवली नाही, आणि पाहिलं काय? हिला चहा कोण आणून देतं, हिच्यासाठी खुर्ची कोण सोडतं. कटिंगवाली रडत हिच्याकडून परत गेली, तेव्हाही मी तिथेच होते. मला एवढंच दिसलं की तीसुद्धा आधी हिच्याचकडे गेली.

घरी आले. भाजी केली, मीठ घातलं, आणि पळी सासूबाईंपुढे धरली. आता चाखायला दुसरं होतंच कोण?

त्यांनी जिभेवर घेऊन पाहिलं. "छान झालीय," म्हणाल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! माझे डोळेच भरून आले.

"थोरलीला फार आवडेल," त्या म्हणाल्या. "उद्या तिला डबा तूच नेऊन दे."