कार्डांच्या कडेवरची तिरकी रेघ

काल नात लॅपटॉपवर प्रोग्रामिंगचा पहिलाच धडा करत होती: दिलेलं नाव उलट्या क्रमाने छापा. मिनिटभरात तिने तो उरकला आणि मला कोऱ्या कार्डांचा वास आठवला.

साठच्या दशकाच्या अखेरीस बंगळुरात मीही हाच धडा केला होता. तेव्हा प्रोग्रामची एकेक ओळ भोकं पाडून एकेका जाड कार्डावर उतरवायची. मशीन आठवड्यातून एकदाच मिळायचं आणि कार्डांचा क्रम चुकला की ती पाळी वाया. नेमक्या मशीन मिळायच्या दिवशी सकाळी बसवनगुडीच्या बसमधून उतरताना गठ्ठ्याचं रबर तुटलं. रस्त्यावरची चाळीस कार्डं गोळा करून मी भोकं पाडणाऱ्या सरोजक्कांसमोर रडवेली उभी राहिले.

"अळबेडा. रडू नकोस, कडेला बघ," त्या म्हणाल्या.

आदल्या दिवशी त्यांनी मला न सांगताच गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढली होती. आता कार्डं विस्कटल्याने तिचे नुसते ठिपके झाले होते, प्रत्येक कार्डाच्या कडेवर एक, आधीच्यापेक्षा जरा पुढे सरकलेला. आम्ही दोघींनी रेघ जुळवत नेली आणि कार्डं क्रमाने लागली. दुपारी माझं नाव उलटं छापून आलं. तेव्हा मला त्या नावाचंच कौतुक होतं. आज फक्त रेघ आठवते.

"हे सांडलं तर गं?" मी नातीला विचारलं.

"आजी, यात सांडण्यासारखं काही नाहीच."

इतक्या वर्षांनी हायसं वाटलं.