पोटात ठेवायची पदवी

उमरेडच्या स्टँडवर बाबा माझी बॅग एसटीत चढवत होते आणि आई खिडकीखाली उभी राहून शेवटचा वाद घालत होती. "लोकांचं रडणं ऐकाले एम.ए. लागते काय वं? आम्ही तं फुकटच ऐकून राहिलो." खाणीच्या ऑफिसात कारकून असलेल्या बाबांना मी बी.एड. करून शिक्षिका व्हायला हवं होतं. मला समुपदेशक व्हायचं होतं. त्यासाठी एम.एस.डब्ल्यू. करता आलं असतं, किंवा मानसशास्त्राचं साधं एम.ए. करून वर डिप्लोमा. मी समुपदेशनाचंच दोन वर्षांचं एम.ए. धरलं, कारण तिथे पहिल्या वर्षापासून शिकवणाऱ्या मॅडमच्या देखरेखीखाली खऱ्या माणसांसमोर बसवत. हट्टीपणा आईकडूनच आलाय.

शहरात हुडकेश्वरला खोली घेतली आणि पहिल्याच सेमिस्टरला माती खाल्ली. सुट्टीत घरी भाजी निवडताना शहाणपणा मिरवायला उमरेडहूनच येणाऱ्या एका बाईच्या केसची हकिकत सांगितली. नाव नाही, गाव नाही. फक्त सासूशी भांडण आणि घरातला हातमाग विकल्याचं. आईने मेथी खाली ठेवली. "ते आपल्या मोहल्ल्यातली सुनंदा तं नाही?" तीच होती. उमरेडमध्ये नाव लपवून माणूस लपत नाही, हे मलाच कळायला हवं होतं. मी मॅडमना स्वतःहून सांगितलं. त्यांनी ती केस काढून घेतली आणि दोन महिने मला कुणासमोर बसू दिलं नाही. लाजेने मेल्यासारखं झालं. आपल्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवणार, हाच घोर.

त्यानंतर घरी मी केसेसबद्दल तोंड उघडलं नाही, आणि आई फुगली. "मायपासून लपवतं? शहराची झाली तू." वर्षभर फोनवर फक्त "जेवली काय?" घर सोडून गेलेल्यांना हा अबोला ठाऊक असेल.

आता शहरातच धरमपेठेतल्या समुपदेशन केंद्रात माझ्या नावाची पाटी आहे. गेल्या महिन्यात आई शेजारच्या काकूंना घेऊन थेट तिथे आली. मी उठले, तर मलाच अडवलं. "हिले बोलाचं हाये. पण तू घरची. तू नको ऐकू, दुसरं कोणी दे."

काकू माझ्या सहकारी मैत्रिणीसोबत आत गेल्या. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. तासाभराने काकू बाहेर आल्या, डोळे लाल. आईने पाण्याची बाटली पुढे केली आणि एक शब्दही विचारला नाही. अख्ख्या गल्लीची खबर ठेवणारी माझी आई!

घर कुठे आहे असं कुणी विचारलं की मी अजून उमरेडच सांगते. पण मनात तो बाक येतो आणि त्यावर गप्प बसलेली आई येते.