भर रस्त्यात धरलेला हात

माझ्या आईला कुणी 'गरीब गाय' म्हटलं की मला हसू येतं. गरीब होती ती पगारानं. डूख धरावा तर तिनंच.

चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत ती काचा घासायची. फिरत्या चाकावर पाण्याची धार सोडायची आणि काच फ्रेमच्या मापाची करायची. केसभर जास्त घासली की काच फुकट. सहा वर्षं फ्रेमा पुसल्यावर तिला ते चाक मिळालं होतं. चाक साडेसातला सुरू व्हायचं, माझी शाळा आठला. वडील नव्हते. मी आठ वर्षांची झाले तेव्हा आईनं ठरवलं, पोरीनं आता एकटीनं जायचं.

म्हणून तिनं मला वाऱ्यावर सोडलं असं कुणी समजू नये. महिनाभर उशिरा यायची परवानगी तिनं मालकाकडून मागून घेतली. पहिला आठवडा हात धरून. दुसरा नुसतं शेजारून. मग रोज माझ्या वीस पावलं मागे. "वळून पाहिलंस तर परत हात धरीन," अशी धमकी. एक दिवस मी शाळेच्या फाटकात पोचले, वळले, तर मागे कुणीच नव्हतं. ती कोपऱ्यावरूनच कामाला गेली होती. मला आभाळ ठेंगणं झालं.

समोरच्या गॅलरीत एक काकू दिवसभर बसलेल्या असत. कुणाकडे कोण आलं, कोण किती वाजता गेलं, सगळं त्यांना ठाऊक. सगळी इमारत त्यांना दुर्बीण म्हणायची. मी एकटी जायला लागल्याच्या तेराव्या दिवशी या बाईनं मला भर रस्त्यात गाठलं आणि मनगट धरलं.

"सोडा ना काकू, मला येतं," मी म्हणाले.

सोडतात कसल्या! ओढत शाळेत नेलं आणि प्रार्थनेला उभ्या असलेल्या सगळ्या पोरांसमोर मोठ्या बाईंना सांगितलं, "बेवारस फिरत होती. आई कामाला नि पोर रस्त्याला!"

आईला बोलावून घेतलं. 'मुलीला रोज स्वतः आणून सोडीन' असं तिच्याकडून लिहून घेतलं. मालकानं थोडे दिवस उशीर चालवून घेतला, मग चाक दुसऱ्याला दिलं. आईच्या हातात परत फडकं आलं, ते चार वर्षं.

आई भांडली नाही, रडली नाही. फक्त गॅलरीखालून जाताना रोज मान वर करून गोड आवाजात विचारायची, "बऱ्या आहात ना काकू? तब्येतीला जपा हं." मी चिडायचे. त्यावर ती म्हणायची, "जपू दे की. मला ती धडधाकट हवी आहे."

चाक तिला पुढे परत मिळालं. मी शिकले, नोकरीला लागले. दुर्बिणीचं वय झालं, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं आणि नव्या चष्म्याची चिठ्ठी फिरत फिरत नेमकी आईच्या टेबलावर आली. मी तेव्हा तिचा डबा घेऊन गेले होते.

"चुकव ना जराशी," मी म्हणाले.

"काच चुकली तर ती माझी चूक. तिची नाही."

अशी काच तिनं क्वचितच घासली असेल. काकूंनी चष्मा लावला आणि दुकानाच्या दारातून समोरच्या घड्याळातली वेळ वाचून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी त्या एकट्या बागेत फिरायला जाऊ लागल्या, ताठ मानेनं. आई दिवस मोजत होती हे मला तेराव्या दिवशी कळलं. त्या सकाळी तिनं रजा टाकली आणि मलाही टाकायला लावली.

काकू रस्त्याच्या मधोमध आल्या तेव्हा आईनं त्यांचं मनगट धरलं आणि सरळ कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात नेलं. दुकान त्यांच्या मुलाचं. पाच-सहा गिऱ्हाइकं उभी.

"बेवारस फिरत होत्या," आई मोठ्यानं म्हणाली. "मुलगा दुकानात नि म्हातारी रस्त्यात! अहो, मी काचांचं काम करते, मला कळतं. आता चष्म्यानं भागायचं नाही. यांना एकटं सोडू नका."

आई आपल्या कामाबद्दल खोटं बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं.

मुलगा शरमेनं लाल झाला. "उद्यापासून आई एकटी बाहेर पडणार नाही."

"तसं लिहून द्या."

त्याला थट्टा वाटली. आईचा चेहरा बघून त्यानं लिहून दिलं. काकू माझ्याकडे वळल्या.

"अगं, तू तरी सांग. मला येतं गं."

आईनं त्यांचं मनगट अजून सोडलं नव्हतं. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? त्यांना समोरचं घड्याळ वाचता येत होतं हे मी पाहिलं होतं. मी गप्प राहिले.

आईनं कागदाची घडी घातली आणि आम्ही निघालो. दहाएक पावलांवर मी मागे वळून पाहिलं. काकू काउंटरशी उभ्या राहून मनगट चोळत होत्या.

"पाहिलंस ना वळून?" आई म्हणाली. मग तिनं माझा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.